ड्यूटीवरचा मोबाईल: लॉकर लावण्याआधी

प्रश्न: मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात इनचार्ज सिस्टर आहे. तीस खाटांचा मेडिसिन वॉर्ड. सकाळी ८ ते २ माझ्याशिवाय पाच स्टाफ, २ ते ८ चार, रात्री ८ ते ८ तीन. गेल्या महिन्यात एका नातेवाईकाने व्हिडिओ काढला. पेशंटचं सलाईन संपलेलं, नळीत रक्त चढलेलं आणि काउंटरवर आमची एक स्टाफ मोबाईलवर रील बघत बसलेली. त्यानंतर मॅनेजमेंटने ठरवलंय की ड्यूटीवर येताना सगळ्यांनी मोबाईल लॉकरमध्ये ठेवायचा आणि सापडला तर ५०० रुपये पगारातून कापायचे. मुली चिडल्या आहेत. त्यांचं म्हणणं असं की कन्सल्टंट रिपोर्टचे फोटो आमच्याच व्हॉट्सॲपवर मागवतात, मग फोन लॉकरमध्ये कसा? एकीचा मुलगा दुसरीत आहे, तो घरी पोचल्याचा फोन तिला लागतोच. एक ब्रदर मात्र सकाळी शेअर बाजारात गुंतलेला असतो, त्याला दोनदा सांगून झालं. मॅट्रन म्हणतात, अंमलबजावणी तुम्ही करा. काय करू? — इनचार्ज सिस्टर, पुणे

सिस्टर, नमस्कार.

लॉकर टिकणार नाही आणि त्याचं कारण तुमच्या मुलींनीच सांगितलंय. ज्या फोनवरून रुग्णालय स्वतःचं काम करून घेतं, तो फोन रुग्णालयालाच कुलपात ठेवता येत नाही. पहिल्या दिवशी राऊंडनंतर कन्सल्टंटचा निरोप येईल, ‘ईसीजी पाठवा’. एक लॉकर उघडेल, आणि दुपारपर्यंत चाव्या काउंटरच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या असतील. ज्यांना फोन हवाच आहे त्या तो खिशात लपवून बाथरूममध्ये नेतील. काउंटरवर बसून बघणारी निदान बेल ऐकते. बाथरूममध्ये तीही ऐकू येत नाही.

पाचशे रुपयांचं कलम तर आजच थांबवा. पगारातून दंड असा मनाला येईल तसा कापता येत नाही. कोणत्या चुकीला दंड आहे हे आधी मंजूर आणि जाहीर असावं लागतं, कर्मचाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं आणि दंडाची रक्कम त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांवर नेता येत नाही. हे एचआरला ठाऊक असायला हवं. नसेल तर मॅट्रनमार्फत लेखी विचारा, तोंडी नको.

तुमच्या हातात आहे ते वेळा आणि जागा ठरवणं. काही मिनिटं अशी असतात की तेव्हा फोन अंगावर नसलाच पाहिजे, आणि काही अशी की तेव्हा तो वापरला म्हणून कुणाचं बिघडत नाही. दोन्हींना एकच नियम लावला की पहिल्यातली शिस्तही जाते.

सुरुवात वॉर्डच्या फोनपासून करा. वॉर्डसाठी रुग्णालयाच्या नावावरचं सिमकार्ड असलेला एक साधा स्मार्टफोन मागा, आणि बेडजवळ नेता येईल असा एक कॉर्डलेस लँडलाईन. स्मार्टफोनवर फक्त रुग्णालयाच्या नंबरचं व्हॉट्सॲप ठेवायचं, स्क्रीनलॉक लावायचा, चार्जर काउंटरला कायमचा बांधायचा (नाहीतर तो तिसऱ्या दिवशी दुसऱ्या वॉर्डात सापडतो) आणि ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या शिफ्टच्या हाती वॉर्ड सोपवताना, फोनही मोजून द्यायचा, नार्कोटिक औषधांच्या कपाटाच्या चाव्या देतात तसा. लॅबच्या क्रिटिकल व्हॅल्यूज (लगेच कळवावे लागणारे धोक्याचे रिपोर्ट), कन्सल्टंटचे निरोप, रोस्टरमधले बदल, सगळं त्याच नंबरवर यायला हवं. हे कन्सल्टंटना तुम्ही सांगून होणार नाही. मेडिकल सुपरिंटेंडेंटच्या सहीचं एक पानी पत्र हवं. त्यात एवढंच: अमुक तारखेपासून स्टाफच्या खासगी नंबरवर रिपोर्ट मागवू नयेत, तोंडी किंवा मेसेजवरची ऑर्डर सिस्टरने परत वाचून दाखवावी आणि डॉक्टरांनी ती ठरलेल्या मुदतीत केसपेपरवर सही करून द्यावी. हे पत्र निघेपर्यंत वैयक्तिक मोबाईलबद्दल स्टाफला एक शब्द बोलू नका.

पत्र निघेपर्यंतच्या मधल्या दिवसांत एक तक्ता भरा. नावं लिहायची नाहीत. चार रकाने पुरेत: वेळ, जागा (बेडजवळ, ट्रॉलीवर, काउंटरवर, पॅन्ट्रीत), कामाचं की खासगी, आणि त्या वेळी वॉर्डात काय चाललं होतं. तीनही शिफ्टमध्ये शिफ्टची सीनियर खुणा करेल. असा नऊ दिवसांचा भरा आणि पहिले दोन दिवस सोडून द्या, कारण आपल्याकडे कुणी बघतंय म्हटल्यावर दोन दिवस सगळेच शहाण्यासारखे वागतात.

तक्त्यात वापर दिवसभर सारखा पसरलेला दिसणार नाही, ठरावीक वेळांना तो दाटतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता उघडतं. नेमकी तुमच्या ओव्हरची वेळ. एसीचं तत्काळ १० ला, स्लीपरचं ११ ला, म्हणजे दहाच्या इंजेक्शनांच्या डोक्यावर. हॉस्टेलवर राहणाऱ्या, नागपूर-नांदेडच्या किंवा केरळच्या मुली असतील तर दिवाळीच्या दोन महिने आधी काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो. शाळांच्या ग्रुपवर दुपारी मेसेज पडतात. आयपीएलच्या दिवसांत संध्याकाळचा सामना साडेसातला, म्हणजे परत ओव्हरच्या तोंडावर. यातल्या बऱ्याच गोष्टी आदल्या दिवशी माहीत असतात. ‘उद्या मला दहाला तिकीट काढायचंय’ असं जिने आधी सांगितलं, तिचे पेशंट दहा मिनिटं शेजारणीने बघायचे आणि दहाचे डोस तिने पावणेदहाला सुरू न करता सव्वादहाला करायचे. ठरलेल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत डोस गेला तर बहुतेक औषधांना ते चालतं. ज्या औषधांना मिनिटं पाळावी लागतात त्यांची यादी फार्मासिस्टकडून घेऊन ट्रॉलीवर चिकटवा. बुकिंग लपून करणारी मुलगी एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात सिरिंज घेऊन करते. भीती तिचीच.

‘रिकाम्या बसतात म्हणून बघतात’ असं मॅनेजमेंट म्हणेल. त्यावर एक गोष्ट सांगता येईल. अमेरिकेतल्या एका आपत्कालीन विभागात १५ दिवस संगणकांवरचा फेसबुकचा वापर मोजला होता. तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांची गर्दी वाढली तेव्हा वापर घटला नाही, उलट वाढला. ताण आला की माणूस फोनकडे वळतो. त्यामुळे ‘काम वाढवा, फोन आपोआप सुटेल’ हा उपाय उलटण्याचीच शक्यता जास्त.

आता औषधांची वेळ. इथे मात्र सूट नको, कुणालाही.

सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ नर्सेसच्या चार हजारांहून जास्त डोसांवर नजर ठेवून केलेला अभ्यास २०१० मध्ये छापून आला. औषध देताना आलेल्या प्रत्येक व्यत्ययामागे चुकीची शक्यता साधारण १२ टक्क्यांनी वाढत होती. तो व्यत्यय कसलाही असू शकतो, नातेवाईकाचा प्रश्न, डॉक्टरांची हाक. मोबाईल हा त्यातला असा एक व्यत्यय आहे की जो आपण स्वतः खिशात घालून आणतो. नुकसान फोन बघितलेल्या तीन सेकंदांत होत नाही, नंतर ‘मी कुठे होते’ हे आठवताना होतं. सिरिंजमध्ये ओढलेलं औषध परत ओढलं जातं, किंवा ओढलंच नव्हतं ते दिलं असं वाटून सही होते.

स्टाफ मीटिंगमध्ये आकडेवारी सांगू नका, इन्सुलिनचं उदाहरण द्या. आपल्याकडच्या ४० युनिटच्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज, १०० युनिटच्या इन्सुलिनला नारिंगी. १० युनिटची ऑर्डर आहे, इन्सुलिन १०० चं आहे आणि लक्ष नसताना हातात लाल टोपीची सिरिंज आली. दहाच्या खुणेपर्यंत ओढलं तर पाव मिली येतं, म्हणजे २५ युनिट. पेशंटची साखर रात्री दोनला कोसळते. उलट झालं, ४० ची व्हायल आणि नारिंगी सिरिंज, तर जेमतेम ४ युनिट जातात आणि सकाळी साखर का उतरली नाही म्हणून डोस वाढवला जातो. दुसरं उदाहरण पोटॅशियम क्लोराइडचं. १० मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट असतं, आणि ते डायल्यूट न करता शिरेतून ढकललं तर हृदय थांबतं. ते ॲम्प्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये असता कामा नये. ही दुरुस्ती मोबाईलच्या नियमाशिवायही आजच करता येईल.

वॉर्डात करायचं ते असं. औषधांची ट्रॉली हलायच्या आधी त्या शिफ्टचे खासगी फोन काउंटरमागच्या एका ट्रेमध्ये ठेवायचे, ट्रॉली परत आली की उचलायचे. साधारण ४० ते ५० मिनिटांचा प्रश्न आहे, सहा तासांचा नाही, म्हणून हे पाळलं जातं. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर. अँड्रॉइडमध्ये तारांकित नंबरांना सूट देता येते. शिवाय तोच माणूस १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करेल तर रिंग वाजू द्यायची सोय आहे. आयफोनमध्ये तीन मिनिटांत दुसरा कॉल आला तर तो वाजतो. घरच्यांना एवढं सांगून ठेवायचं: खरंच तातडीचं असेल तर लागोपाठ दोनदा करा. मधेच काही झालं तर तुटलेल्या जागेपासून पुढे जायचं नाही, त्या पेशंटचं पहिल्यापासून: नाव, आयडी बँड, चार्ट, औषध, डोस, मार्ग, वेळ. अर्धवट ओढलेली, लेबल नसलेली सिरिंज फेकायची. ती फेकताना हात आखडतो, फेकायचीच.

हाच नियम आणखी तीन ठिकाणी. ओव्हर देता-घेताना. रक्त लावल्यावर पहिली १५ मिनिटं, कारण गंभीर रिॲक्शन बहुतेक तेव्हाच दिसते आणि तेव्हा बेडजवळच थांबायचं असतं. आणि क्रॅश कार्ट, म्हणजे जीव वाचवण्याच्या तातडीच्या सामानाची ट्रॉली, उघडलेली असताना. याहून जास्त प्रसंग यादीत घालू नका. यादी लांबली की कुणाला पाठ राहत नाही.

मोबाईलला हात लावून पेशंटला हात लावायचा असेल तर मधे हँडरब, हे वेगळं सांगायला नको होतं पण सांगावं लागतं. ग्लोव्ह्ज घालून स्क्रीनला हात लावणं तर कधीच नाही. शिफ्ट सुरू होताना फोन ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसायचा. स्प्रे थेट फोनवर मारू नका, चार्जिंगच्या भोकात जातो. कापडी आणि चामडी कव्हर नीट पुसली जात नाहीत, ती घरी.

व्हिडिओतल्या सलाईनचंही बघू. ते रीलमुळेच संपलं असेल असं नाही. ५०० मिली चार तासांत द्यायचं आणि सलाईनच्या नळीचा सेट २० थेंबांना एक मिलीचा असेल तर मिनिटाला साधारण ४२ थेंब लागतात. दहा-दहाला लावलेली बाटली दोन-दहाला संपणार, म्हणजे शिफ्ट बदलण्याच्या गडबडीत, फोन असो वा नसो. पेशंटने हात हलवला, खाट वर-खाली केली की वेग बदलतो, म्हणून लावल्यावर १५ मिनिटांनी आणि मग दर तासाला थेंब मोजायचे. बाटलीवर चिकटपट्टी लावून संपण्याची वेळ लिहायची आणि त्याच्या १५ मिनिटं आधीचा अलार्म वॉर्डच्या फोनवर बेड नंबरसह लावायचा. बाटली रिकामी झाली की शिरेतला दाब जास्त होतो आणि रक्त नळीत चढतं. गोठलं तर कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) बंद. अशा वेळी जोर लावून फ्लश करू नये, गाठ आत ढकलली जाते. कॅन्युला बदलायची, पेशंटला परत टोचावं लागतं, आणि नातेवाईक चिडतो तो मुख्यतः त्या दुसऱ्या टोचण्यासाठी. त्या नातेवाईकांना मॅट्रनसोबत एकदा भेटा. काय चुकलं आणि आता बाटलीवर वेळ लिहायला लागलोय हे दाखवा. ‘ती कामाचंच बघत होती’ असलं काही सांगू नका, व्हिडिओ त्यांच्याकडे आहे.

आणि खरंच कामाचं बघत असताना स्टाफने तोंडाने सांगायची सवय लावायची: ‘काका, तुमच्या औषधाचा डोस तपासतेय.’ तेवढ्याने अर्ध्या तक्रारी थांबतात. डोस तपासायचा तोही रुग्णालयाच्या औषधसूचीत किंवा फार्मसीला फोन करून. सर्चमध्ये सगळ्यात वर जे येतं त्यावर नाही.

दुसरीतल्या मुलाच्या आईसाठी कॉर्डलेसचा नंबर. शाळा, पाळणाघर, सासूबाई, सगळ्यांकडे तो असू दे. मूल घरी पोचलं की एक मिनिटाचा फोन, वॉर्डच्या लाईनवर, सगळ्यांसमोर. यात लपवण्यासारखं काही नाही, आणि हा फोन आला नाही तर ती बाई पुढचा तासभर कामात नसते.

सुट्टीचं बोलल्याशिवाय हे पुरं होत नाही. सहा तासांच्या शिफ्टमध्ये २० मिनिटं आणि रात्रीच्या बारा तासांत दोन वेळा ३०-३० मिनिटं, बदली माणूस ठरवून, पॅन्ट्रीत, हातात फोन घेऊन. तेव्हा ती रील बघो की बँकेचं काम करो, आपण विचारायचं नाही. सुट्टीला जाताना पेशंट नावानिशी सोपवायचे: ‘बेड ७ ते १२ तुझ्याकडे, ९ चं सलाईन अकराला संपेल.’ नुसतं ‘लक्ष ठेव गं’ म्हणून गेलं तर कुणीच लक्ष ठेवत नाही. रात्री तीन ते पाच हा सगळ्यात जड काळ. तेव्हा काउंटरवर फोन दिसतो तो बहुधा झोप आवरायला. तिघींमधल्या एकीला २० ते ३० मिनिटं आडवं होऊ देणं जास्त सुरक्षित, आणि उठल्यावर १०-१५ मिनिटं तिने औषध ओढायचं नाही. बऱ्याच मॅनेजमेंटना ही गोष्ट पटत नाही. तरी मागून बघा.

पेशंटच्या फोटोबद्दल मात्र सौम्य होऊ नका. वॉर्डात रील करणं, मागे पेशंट किंवा चार्ट दिसेल असा सेल्फी, जखमेचा फोटो खासगी फोनवर, सगळं बंद. कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र संमतीशिवाय काढणं किंवा पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने रुग्णाच्या माहितीची जबाबदारी रुग्णालयावर टाकलेली आहे. फसगत साध्या सेटिंगमध्ये असते: व्हॉट्सॲपवर आलेला रिपोर्ट आपोआप गॅलरीत जातो, गॅलरीचा बॅकअप गूगल फोटोजवर, आणि घरी तोच अकाउंट टीव्हीला जोडलेला. वॉर्डच्या फोनमध्ये ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद, फोटोंचा बॅकअप बंद, कन्सल्टंटच्या चॅटला ७ दिवसांत पुसले जाणारे मेसेज. त्याआधी ऑर्डर केसपेपरवर उतरलेली असली पाहिजे. जुने फोटो स्टाफने स्वतः, स्वतःच्या हाताने पुसायचे. तुम्ही कुणाचा फोन हातात घेऊन तपासायचा नाही, संशय असला तरी.

काउंटरच्या संगणकावर खासगी काही नको: व्हॉट्सॲप वेब नाही, मेल नाही, कुणाच्या पेन ड्राइव्हवरून बायोडेटाची प्रिंट नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि जवळपास दोन आठवडे कामकाज कागदावर चालवावं लागलं. वैयक्तिक वापरासाठी आयटीकडून स्टाफचं वेगळं वायफाय मागा, रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरपासून तोडलेलं. यूट्यूब सरसकट बंद करायला लावू नका. प्रोसिजरचे व्हिडिओ मुली तिथेच बघतात.

राहिला ब्रदर. त्याच्यासाठी अख्ख्या वॉर्डला नियम करू नका. दार लावून, एकट्याला, आणि ‘तू सारखा मोबाईलवर असतोस’ हे वाक्य टाळून बोला. त्याऐवजी: ‘मंगळवारी ९:२० ला बेड १४ चं बीपी घ्यायचं होतं, ते ९:५० ला लिहिलंय, साडेनऊचा राऊंड त्याशिवाय झाला.’ तारीख, वेळ, राहिलेलं काम. त्याच दिवशी वहीत नोंद करून त्याची सही घ्या. पुन्हा झालं तर लेखी मेमो, मग मॅट्रन. याआधी दोनदा सांगून झालं म्हणता, त्याची नोंद नसेल तर ते सांगितल्यात धरू नका. जाता जाता एवढं विचारा की पैशांची अडचण आहे का. फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअर बाजारातल्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, वैयक्तिक ट्रेड करणाऱ्यांपैकी दहातल्या नऊहून जास्त जण तोट्यात होते, हे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये जाहीर केलंय. तोटा भरून काढायला निघालेला माणूस मेमोने थांबत नाही. त्याला काही दिवस दुपारची शिफ्ट देऊन बघा; बाजार साडेतीनला बंद होतो.

मॅट्रनकडे जाताना भरलेला तक्ता, सुपरिंटेंडेंटच्या पत्राचा मसुदा, आणि एका फोनची व कॉर्डलेसची किंमत लॉकरच्या कोटेशनशेजारी मांडून न्या. ट्रेचा नियम तुम्हालाही आणि राऊंडला येणाऱ्या डॉक्टरांनाही लागू, हे त्याच कागदावर असू दे. चार आठवडे फक्त तुमच्या वॉर्डात करून बघायची परवानगी मागा. सुरुवात एक तारखेला नको, नवीन स्टाफ आणि नवं रोस्टर तेव्हाच येतं. महिन्याच्या मधला सोमवार बरा. शेवटच्या आठवड्यात तोच तक्ता परत भरा आणि त्यात तीन रकाने वाढवा: उशिरा गेलेले डोस, रिकामी सापडलेली सलाईनं, पाच मिनिटांत न उचललेल्या बेल. हे तीन आकडे सुरुवातीच्या नऊ दिवसांतही टिपून ठेवलेत तर मॅनेजमेंटपुढे तुलना ठेवता येईल. तेव्हा ते रकाने आजच आखून घ्या.